गोधडीची मागची बाजू: तुमचे अनुभव लिहा

माझ्या कपाटात तीन गोधड्या पाच वर्षं घडी घालून पडून होत्या. हौसेनं शिवलेल्या, पण दाखवायची वेळ आली की पोटात गोळा यायचा. बडोद्यात असे आणखी कितीजण आहेत? कुणी नावं ठेवली तेव्हा काय झालं, पुन्हा सुई कशी धरलीत, ते सांगा. सुरुवात मीच करते.

दांडिया बाजार
चौकोन जुळायचे नाहीत, म्हणून मी स्वतःला धसमुसळी समजत होते. एकदा पट्टी घेऊन मोजलं. ओळीत ९ चौकोन, म्हणजे ८ शिवणी. प्रत्येक शिवणीत दोन्हीकडून मिलिमीटरभर कापड जास्त दाबलं जात होतं, म्हणून ओळ १६ मिलिमीटर आखूड! सुईपासून पाव इंचाची माझी खूणच चुकली होती. मशीनवर चिकटपट्टी लावून ती बदलली. ‘मला जमतच नाही’ म्हणत किती वर्षं घालवली!

कारेलीबाग
चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गोधडी दिवाणावर पसरली होती. नात्यातल्या एका बाईंनी कोपरा उलटून पाहिला आणि म्हणाल्या, “अगं बाई, टाके केवढाले!” बाकीच्या डाळ-पन्ह्यात गुंतल्या होत्या, पण मला वाटलं सगळ्यांनी ऐकलं. सात महिने सुई हातात घेतली नाही.

दिवाळीच्या साफसफाईत सासूबाईंची वाकळ निघाली, साताऱ्याहून त्यांच्यासोबत आलेली. जुन्या नऊवारीचे थर, वर पांढरा धावदोरा. खाली बसून मी इंचात किती टाके ते मोजले. कुठे चार, कुठे तीन. माझे पाच होते. त्या वाकळीत माझी दोन्ही मुलं वाढली, टाके कधी डोळ्यांत भरले नाहीत.

त्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या, टाके मोठेच होते. मी मात्र ते स्वतःच्या अंगाला लावून घेतलं. आता कुणी काही म्हणालं की विचारते, “कुठे? दाखवा ना.” ज्यांना खरंच कळतं त्या बोट ठेवून दाखवतात. काठाचा कोपरा नीट वळवायला मी अशाच एकींकडून शिकले.

प्रतापनगर
निवृत्तीनंतर शिवू लागलो. ‘बायकी काम’ ऐकावं लागेल म्हणून दार लावून बसायचो. नातवानं सोसायटीत सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी शेजारचे भाई जुने शर्ट घेऊन दारात, “काका, आनी गोदडी थाय?”

फतेहगंज
मला वाकड्या रेषांची भीती. मग उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, पाहिली. त्या काठापासून तुकडे बसवत, टाके घालत मध्याकडे येतात, आणि कोपऱ्यांना कापडाची फुलं लावतात. अलाबामातल्या गीज बेंडच्या बायकांनी जीर्ण कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. त्यांतल्या रेषाही पट्टीनं आखल्यासारख्या नाहीत. मी तेव्हापासून आखणं थोडं कमी केलं. भीती गेली असं नाही, पण पूर्ण झालेल्या गोधड्या आता दोन आहेत.

मांजलपूर
मी अजून कुणालाच दाखवलेली नाही. लाल बांधणीचा रंग धुताना पांढऱ्यावर उतरला. ओलं पांढरं फडकं घासून आधी बघायला हवं होतं. सगळ्यांचं वाचतेय.

दांडिया बाजार
मांजलपूरच्या ताई, मंगळवारी दुपारी माझ्याकडे या. डाग पडलेलीच आणा. मी माझ्या तिन्ही काढून ठेवते.