मदत हवी आहे: कबड्डी संघाच्या चाहत्यांच्या संकेतस्थळाला लीगकडून ट्रेडमार्कची नोटीस

मिऱ्याबंदर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी तालुक्यातील आम्ही काही कबड्डीप्रेमी २०१६ पासून एका व्यावसायिक लीगमधील संघाच्या पाठीराख्यांचे मराठी संकेतस्थळ चालवतो. या संकेतस्थळाबाबत लीगच्या वतीने एका वकील संस्थेची नोटीस आली असून तिला उत्तर कसे द्यावे, याविषयी येथील जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. लीगचे आणि संघाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रकरण पुढे न्यायालयात गेले तर येथे लिहिलेले प्रत्येक वाक्य आमच्याविरुद्ध वाचून दाखवले जाऊ शकते.

आमच्या डोमेनमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्यात, संघाचे पूर्ण नाव असून त्याला ‘कोकण’ हा शब्द जोडलेला आहे आणि शेवट ‘डॉट इन’ असा आहे. पहिल्या पानाच्या माथ्यावर डावीकडे संघाचे बोधचिन्ह, उजवीकडे आमच्या क्रीडा मंडळाचे चिन्ह आणि मधोमध संघाच्या गणवेशाच्या रंगांतील पट्टी अशी मांडणी आहे. ‘हे चाहत्यांचे संकेतस्थळ असून संघाशी त्याचा अधिकृत संबंध नाही’ हे वाक्य पानाच्या तळाशी लहान अक्षरांत आहे. मजकूर म्हणाल तर सामन्यांची वर्णने, कोणाच्या चढाईत बोनसचे गुण किती आणि डाव्या कोपऱ्याने पकडी किती केल्या यांचे तक्ते, आणि खेळाडूंवरील लेख. याखेरीज एक मोठा विभाग असा आहे की ज्याचा लीगशी काडीचाही संबंध नाही. शिमग्यात आणि मे महिन्यात संगमेश्वर, लांजा, राजापूरकडे ज्या गावोगावच्या मातीवरील स्पर्धा होतात, त्यांचे गुणपत्रक आम्ही पंचांच्या वहीवरून उतरवून घेतो. वृत्तपत्रांत अशा सामन्याला दोन ओळी मिळाल्या तरी पुष्कळ. मुंबईला असलेली मंडळी आपल्या वाडीचा संघ कसा खेळला हे पाहायला याच विभागात येतात.

नोटिशीत सात दिवसांच्या मुदतीत डोमेन लीगच्या नावे करून द्यावे, बोधचिन्ह व संघाचे नाव सर्व पानांवरून काढावे, टी-शर्टच्या विक्रीचा हिशेब द्यावा आणि सोबत जोडलेल्या हमीपत्रावर सही करावी, अशा मागण्या आहेत. हमीपत्रात आम्ही ट्रेडमार्कचे उल्लंघन ‘जाणूनबुजून’ केल्याची कबुली आहे आणि यापुढे संघाचे नाव ‘कोणत्याही स्वरूपात’ वापरणार नाही, असेही वाक्य आहे. ते शब्दशः घेतले तर उद्या मला सामन्याचे वर्णनसुद्धा लिहिता येणार नाही.

टी-शर्टविषयी थोडे सांगतो. गावच्या स्पर्धेसाठी आम्ही ते छापून घेतले होते. छातीवर संघाचे बोधचिन्ह, पाठीवर मंडळाचे नाव. छपाईचा खर्च भागेल एवढीच रक्कम घेतली आणि मागणी संकेतस्थळावरून नोंदवली. याला व्यापार म्हणावे असे मला अजूनही वाटत नाही, परंतु नोटिशीचा सर्वाधिक भर त्यावरच आहे. संकेतस्थळावर जाहिराती आहेत, पण त्या एका खाणावळीच्या आणि मोसमात हापूसच्या पेट्या पाठवणाऱ्या एका बागायतदाराच्या. त्यातून सर्व्हरचे भाडे निघते.

माझा मुख्य प्रश्न असा की, संघाविषयी लिहिणारे संकेतस्थळ संघाच्या नावाशिवाय कसे ओळखू यावे, आणि डोमेनमध्ये ते नाव असणे हेच उल्लंघन ठरते काय? बोधचिन्ह आणि नाव यांच्याकडे कायदा वेगवेगळ्या नजरेने पाहतो का? आणि डोमेन सोडावे लागलेच, तर गावोगावच्या स्पर्धांची पाने आणि त्यांचे जुने दुवे वाचवण्याचा काही मार्ग आहे का? या शेवटच्या गोष्टीची मला सर्वांत अधिक चिंता आहे.

---

परळचा_चाकरमानी

साहेब, घाबरू नका. त्यांना डोमेन हवे आहे याचा अर्थ त्याला किंमत आहे. एक रक्कम सांगा आणि मोकळे व्हा. आमच्या वाडीचे निकाल मात्र कुठेतरी चालू ठेवा, ही विनंती.

---

तारकर्ली_किनारा

वरील सल्ला कृपया मुळीच मानू नये. डोमेन नोंदणीच्या व्यवसायात मी अनेक वर्षे आहे आणि अशी प्रकरणे याच एका वाक्यामुळे हातची गेलेली पाहिली आहेत. डॉट इन डोमेनच्या वादांसाठी निक्सी या, डॉट इन नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे धोरण आहे आणि निर्णय लवाद देतो. तक्रारदाराला तेथे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: डोमेन त्याच्या चिन्हाशी फसगत होईल इतके मिळतेजुळते आहे, डोमेनधारकाचा त्या नावावर वैध हक्क वा हितसंबंध नाही, आणि नोंदणी किंवा वापर वाईट हेतूने झालेला आहे. यातील ‘किंवा’ लक्षात घ्या. डॉट कॉमच्या आंतरराष्ट्रीय धोरणात नोंदणी आणि वापर हे दोन्ही वाईट हेतूचे असल्याचे दाखवावे लागते, डॉट इनला त्यांपैकी एक पुरते. प्रत्यक्ष खर्चाहून अधिक रक्कम घेऊन चिन्हाच्या मालकाला डोमेन विकण्याचा हेतू दिसणे हा वाईट हेतूचा पुरावा म्हणून धोरणातच नमूद आहे. तुम्ही एका ईमेलमध्ये आकडा लिहिलात की तो त्यांच्या तक्रारीला जोडलाच म्हणून समजा. त्याचप्रमाणे आता डोमेन मित्राच्या नावे करणे किंवा नोंदणीतील पत्ता बदलणे, असले काही करू नये.

चाहत्यांच्या संकेतस्थळांकडे लवाद सरसकट वाईट नजरेने पाहत नाहीत. आंतरराष्ट्रीय प्रकरणांत साधारणतः असे पाहिले जाते की संकेतस्थळ खरोखर चालू आहे का, ते अधिकृत संकेतस्थळापासून स्पष्टपणे वेगळे दिसते का, आणि ते बिगरव्यापारी आहे का. डोमेन म्हणजे नुसते संघाचे नाव असेल तर बाजू फार अवघड होते; दुसरा शब्द जोडलेला असेल तर तो शब्द काय सुचवतो हे पाहतात. ‘चाहते’ किंवा ‘पाठीराखे’ असा शब्द तुमच्या बाजूने बोलला असता. ‘कोकण’ या शब्दावरून मात्र संघाची कोकणातील अधिकृत शाखा असावी, असा समज होऊ शकतो. माझ्या मते तुमच्या डोमेनची दुबळी बाजू हीच आहे.

---

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणला वकिली करतो. कागदपत्रे न पाहता दिलेले हे मत सल्ल्याच्या जागी धरू नये, पण दिशा सांगतो.

सर्वप्रथम ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोध घ्या. संघाचे नाव शब्द म्हणून नोंदलेले आहे की केवळ चित्रासह, कोणत्या वर्गात आहे (क्रीडा व मनोरंजन हा ४१वा वर्ग, कपडे हा २५वा), नोंदणी पूर्ण झाली आहे की अर्जच प्रलंबित आहे, आणि मुख्य म्हणजे मालक कोण आहे, हे पाहा. नोटीस लीगच्या नावाने आणि चिन्ह संघ चालवणाऱ्या कंपनीच्या नावाने, असेही असू शकते. तसे असल्यास उत्तरातील पहिलाच परिच्छेद हा असावा की, नोटीस देणाऱ्याचा अधिकार कोणत्या कागदावर आधारलेला आहे तो दाखवावा.

ट्रेडमार्क अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार उल्लंघनासाठी चिन्हाचा वापर व्यापाराच्या ओघात झालेला असावा लागतो, आणि कलम ३० प्रामाणिक व्यवहाराला धरून केलेल्या वापराला संरक्षण देते. संघाविषयी लिहिताना संघाचे नाव घेणे यात मला काही गैर दिसत नाही. २००३ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या वेळी आयसीसीच्या कंपनीने आर्वी एंटरप्रायझेस व फिलिप्स यांच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला होता. जाहिरातीत विश्वचषकाचा उल्लेख करून तिकिटांचे बक्षीस ठेवले होते, तरीही न्यायालयाने मनाई हुकूम दिला नाही. परंतु तेथे प्रतिवादींनी आयसीसीचे बोधचिन्ह वापरलेले नव्हते, हे विसरून चालणार नाही. बोधचिन्ह ही कलाकृती असल्याने त्यावर कॉपीराइटचाही दावा येतो. ते माथ्यावरून आजच काढा. त्याच्यावाचून तुमच्या लेखांचे काहीही अडत नाही.

तक्त्यांबाबत निश्चिंत राहा. खेळाडूंची नावे आणि कामगिरीची आकडेवारी ही सार्वजनिक माहिती आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ऑनलाइन फँटसी खेळांच्या एका प्रकरणात मनाई हुकूम नाकारताना म्हटले आहे.

टी-शर्टवर मात्र तुमची बाजू मला टिकाऊ वाटत नाही. इंग्लंडमध्ये मॅथ्यू रीड नावाचा विक्रेता १९७० पासून आर्सेनल या फुटबॉल क्लबच्या मैदानाबाहेर चाहत्यांसाठी वस्तू विकत असे. ‘हा अधिकृत माल नाही’ अशी पाटीही त्याने लावली होती. चाहते हे चिन्ह निष्ठेपोटी अंगावर घालतात, मालाचा उगम कळावा म्हणून नव्हे, असा त्याचा युक्तिवाद होता, आणि तुमचाही तोच आहे. २००२ मध्ये युरोपीय न्यायालयाने आणि २००३ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने तो स्वीकारला नाही. आपल्या न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नाही. तरीही नफा घेतला नाही म्हणून विक्री ही विक्री राहत नाही असे कोणी मानेल, यावर मी विसंबणार नाही. त्या पाटीचे जे झाले तेच तुमच्या पानाच्या तळाच्या वाक्याचे होऊ शकते. निदान ते तळातून माथ्यावर तरी आणा.

हमीपत्रावर आहे तसे सही करू नका. ‘जाणूनबुजून’ हा शब्द पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात तुमच्याच गळ्यात येईल. सात दिवसांची मुदत कायद्याने ठरवलेली नाही, ती त्यांनी घातलेली आहे. म्हणून गप्प मात्र बसू नये. मुदतीच्या आत अल्पसे उत्तर देऊन सविस्तर उत्तरासाठी वेळ मागावा. निराधार धमकीविरुद्ध दावा करण्याची तरतूद कलम १४२ मध्ये आहे, पण नोंदणीकृत मालकाने तत्परतेने उल्लंघनाचा दावा दाखल केला की तिचा उपयोग उरत नाही. म्हणजे ते कलम उगाच पुढे केल्यास त्यांना न्यायालयात जाण्याचे आमंत्रण दिल्यासारखे होईल.

---

परळचा_चाकरमानी

रकमेचे माझे बोलणे मागे घेतो. मात्र लीग नेहमीच ताणून धरतात असे नाही. अमेरिकेत २०१० च्या जानेवारीत न्यू ऑर्लिन्सच्या फुटबॉल संघाच्या चाहत्यांची ‘हू डॅट’ ही आरोळी टी-शर्टवर छापणाऱ्या दुकानदारांना एनएफएल या तेथील फुटबॉल लीगने नोटिसा धाडल्या होत्या. लोक खवळल्यावर लीगने खुलासा केला की, आरोळीसोबत संघाची इतर चिन्हे असतील तेवढ्यापुरताच आमचा आक्षेप आहे. तुम्हीही वर्तमानपत्रात बातमी द्या.

---

मिऱ्याबंदर

सर्वांचे मनापासून आभार. बातमी देण्याचा विचार तूर्तास बाजूला ठेवतो, कारण मंडळातील बहुतेक जण नोकरदार आहेत.

रजिस्ट्रीत शोध घेतला. चित्रासहचे चिन्ह ४१ व २५ या दोन्ही वर्गांत संघाच्या कंपनीच्या नावे नोंदलेले आहे; नुसत्या शब्दाचा अर्ज प्रलंबित दिसतो. बोधचिन्ह माथ्यावरून काढले आणि टी-शर्टचे पान बंद केले. पाने बदलण्यापूर्वी त्यांची चित्रे जतन करून ठेवली आहेत. आता प्राथमिक उत्तराचा मसुदा असा केला आहे:

‘आपली नोटीस मिळाली. आमच्याकडून झालेल्या उल्लंघनाबद्दल आम्ही दिलगीर असून संघाचे बोधचिन्ह संकेतस्थळावरून काढण्यात आले आहे व टी-शर्टची विक्री कायमची बंद करण्यात आली आहे. उपरोक्त चिन्हाची नोंदणी आपल्या अशिलाच्या नावे नसल्याचे दिसते, तरी आपल्या अशिलाच्या अधिकाराचा कागद पाठवावा. संघाविषयीच्या लेखनात संघाच्या नावाचा उल्लेख करण्याचा आमचा हक्क आम्ही सोडत नाही. डोमेनविषयी परस्परसंमतीने मार्ग काढण्यास आम्ही तयार असून सविस्तर उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत मिळावी.’

यात काही अधिक-उणे असल्यास सांगावे. तसेच, गावच्या स्पर्धांचा विभाग मंडळाच्या नावाच्या नव्या डोमेनवर आताच हलवला, तर तो आमचा कमीपणा मानला जाईल काय?

---

तारकर्ली_किनारा

हलवा. त्यात कमीपणा मुळीच नाही. गावच्या स्पर्धा संघाच्या नावाखाली असण्याचे तसेही कारण नव्हते. जुन्या प्रत्येक पानावरून नव्या पानाकडे कायमस्वरूपी वळण (रीडायरेक्ट) लावून द्या, म्हणजे शोधयंत्रांना नवा पत्ता कळेल. डोमेन पुढे गेले तर हे वळण बंद पडेल, म्हणून तडजोडीत सहा महिने किंवा वर्षभर वळण चालू ठेवण्याची अट मागा. पैशांऐवजी एवढेच मागितल्याने तुमचा हेतूही स्वच्छ दिसेल. लीगचे लेख ज्या नव्या नावाखाली ठेवाल, त्यात ‘पाठीराखे’ हा शब्द ठळक असू द्या.

---

वाशिष्ठीकाठ

मसुदा चांगला आहे, पण ‘उल्लंघनाबद्दल आम्ही दिलगीर असून’ हे शब्द काढा. हमीपत्रावर सही न करता तीच कबुली तुम्ही पत्रात देत आहात. त्याऐवजी ‘कोणतेही उल्लंघन मान्य न करता व आमचे सर्व हक्क अबाधित राखून’ अशी सुरुवात करा. ‘कायमची’ हा शब्दही नको, ‘बंद करण्यात आली आहे’ एवढे पुरे. उत्तर ईमेलने आणि स्पीड पोस्टने असे दोन्ही मार्गांनी पाठवून पोच जपून ठेवा. सविस्तर उत्तर देण्यापूर्वी रत्नागिरीत किंवा मुंबईत ट्रेडमार्कचे काम करणाऱ्या वकिलाला टी-शर्टचा हिशेब दाखवा, कारण पुढची बोलणी त्या रकमेवरच अडतील असा माझा अंदाज आहे.