विषय: फर्मीलॅबमध्ये फिजिक्सवाले सोडून कोणाला घेतात का?

नमस्कार मंडळी,
माझा भाचा पुण्याहून येऊन इथे मेकॅनिकलमध्ये एमएस करतोय, मे मध्ये संपेल. परवा त्याला शिकागोजवळ बटाव्हियाला फर्मीलॅबचे (कणभौतिकीच्या राष्ट्रीय लॅबचे) बायसन दाखवायला नेलं तर तिथून हलेचना, म्हणे मावशी इथे नोकरी मिळाली तर काय मजा, आणि मग स्वतःच म्हणाला छे, इथे पीएचडीवाले लागतात. खरंच तसं आहे का? आणि व्हिसाचं कसं असतं?
– नेपरव्हिलहून

----

> इथे पीएचडीवाले लागतात

ताई, हे त्याच्या डोक्यातून आधी काढा. मी तिथे कंट्रोल्समध्ये बरीच वर्षं काढली, आणि तिथलं मशीन, म्हणजे कणांना वेग देणारा ॲक्सिलरेटर, चालतं ते इंजिनिअर, टेक्निशियन आणि प्रोग्रॅमरच्या जिवावर. आता पिप-टू नावाचा नवा लिनॅक (सरळ रेषेतला ॲक्सिलरेटर) बांधतायत, त्यातल्या कणांना वेग देणाऱ्या नायोबियम धातूच्या पोकळ्या, म्हणजे कॅव्हिटी, द्रव हेलियममध्ये उणे 271 अंशांवर ठेवायच्या, म्हणजे व्हॅक्यूम, वेल्डिंग, थंड झाल्यावर पाइप किती आकसतो, सपोर्टवर किती ताण येतो, हा सगळा मेकॅनिकलचाच अभ्यास आहे हो! तिकडे साउथ डकोटात इथून 1300 किमीवर ड्यून या न्यूट्रिनो कणांच्या प्रयोगासाठी जमिनीखाली दीड किलोमीटरवर गुहा खोदल्यात, त्यात हजारो टन द्रव आर्गॉन भरायचाय, तिथेही क्रायोजेनिक्सची (अतिथंड तंत्राची) माणसं हवीतच. आणि मला मनापासून आनंद होतो तो याचा की पिप-टूमध्ये आपलं बीएआरसी, इंदूरचं आरआरकॅट (ॲक्सिलरेटरची सरकारी संस्था) हेही भागीदार आहेत, तिकडून खरोखरचं हार्डवेअर येतं.

त्याला म्हणावं रेझ्युमेत "टीम प्लेयर" वगैरे नको, स्वतःच्या हाताने काय बनवलं, काय मोजलं, काय बिघडलं आणि कसं दुरुस्त केलं ते लिही. ॲन्सिस (ताण, उष्णता वगैरेचं गणित करणारं सॉफ्टवेअर) येत असेल तर वर लिही. ऑपरेटरच्या जागाही बघ, मेन कंट्रोल रूममध्ये रात्रपाळ्या कराव्या लागतात पण अख्खं मशीन तिथेच कळतं.
– बटाव्हियाचा काका

----

काकांना प्लस वन. कॉम्प्युटिंगवाल्यांसाठी माझी भर: जिनिव्हाजवळच्या सर्न लॅबच्या सीएमएस प्रयोगाचा अमेरिकेतला टियर-1, म्हणजे मुख्य दर्जाचा, डेटा सेंटर फर्मीलॅबलाच आहे, सायंटिफिक लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम 2004 मध्ये इथूनच आली, म्हणजे सी++, पायथन, स्टोरेज, नेटवर्क सगळ्याला काम आहे. पगार बड्या टेक कंपन्यांइतका नाही, तो हिशोब आधीच घरी बोलून घ्यावा.

व्हिसाचं म्हणाल तर सगळ्या राष्ट्रीय लॅब सारख्या नाहीत. लॉस अलामोस, लिव्हरमोर, सँडियाला बऱ्याच जागांना सुरक्षा क्लिअरन्स (गोपनीय कामाची सरकारी परवानगी) लागतो आणि त्याला नागरिकत्व लागतं. फर्मीलॅब आणि जवळचीच आर्गॉन लॅब (वायूशी संबंध नाही, नावच तसं) यांचं काम बहुतेक खुलं असल्यामुळे परदेशी लोक खूप आहेत, फक्त साइट ॲक्सेसच्या मंजुरीला वेळ लागतो, तेव्हा मे ची वाट न बघता आत्ताच अर्ज टाकावा. रिसर्च संस्था एच-वन-बीच्या लॉटरीतून सुटू शकतात, पण त्या जागेला ते लागू आहे का हे ऑफर येताना एचआरकडून लेखी घ्या.
– ऑरोराहून

----

काका, ताई, दोघांचे खूप आभार! त्याला वाचून दाखवलं, रात्री अकराला रेझ्युमे उघडून बसलाय. काका, शनिवारी त्याला घेऊन येऊ का तुमच्याकडे? पोहे मी आणते.
– नेपरव्हिलहून