ऐंशीनंतर प्रोस्टेट: ऑपरेशन की कायमची नळी?

उंबरकर: काल इथे एकाने ठोकून दिलं, "ऐंशीपुढे वाढलेल्या प्रोस्टेटला हात लावू नये, लघवीची नळी घालून सुखाने बसावं." सुखाने? आमचे दादा नळीवर होते. नळी सारखी बदला, चोंदली की अपरात्री रिक्षा शोधा, इन्फेक्शन झालं की हुडहुडी भरून ताप. शेवटी कमरेत इंजेक्शन देऊन टीयूआरपी केली, म्हणजे लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून अडवणारी ग्रंथी खरवडली. आता स्वतःचे स्वतः जातात. वय काय बघता, हृदय आणि किडनी बघा!

पाणवठा: तो 'एक' मीच. तुमचे दादा सुटले म्हणजे सगळे सुटले का? माझ्या सासऱ्यांना ऑपरेशनच्या रात्री भ्रम झाला. नळी उपसायला निघाले, पिशवी लालभडक. पूर्वी ऑपरेशनमध्ये धुलाईला वापरायचे ते ग्लायसिनचं पाणी रक्तात शिरून सोडियम उतरायचं, हे कोण सांगतं?

संध्याताई: पूर्वी. आता बायपोलर पद्धतीच्या टीयूआरपीत धुलाईला सलाइन वापरतात, तो धोका जवळपास गेला. होलेप म्हणजे होल्मियम लेझरने मोठी ग्रंथीही निघते. खरी भानगड म्हणजे मूत्राशयातच जोर उरला नसेल तर वाट मोकळी करून काय उपयोग? ते आधी तपासा. आणि हृदयात स्टेंट असलेल्यांनी रक्त पातळ ठेवणारं क्लोपिडोग्रेल आपल्या मनाने थांबवू नये.

गल्लीबोळ: लेझर म्हणे! आमच्या मेडिक्लेमने निम्मे पैसे कापले.

उंबरकर: धागा प्रोस्टेटचा आहे.

गल्लीबोळ: पैसे भरणाऱ्याला विचारा धागा कशाचा आहे ते. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांच्या यादीत होल्मियम लेझर घातलं, वगळता येत नाही. म्हणून कंपन्या रकमेवर मर्यादा घालतात. वर खोली महागडी घेतली की डॉक्टरांची फीसुद्धा त्याच प्रमाणात छाटतात. पॉलिसीचं बारीक अक्षर वाचायला ऐंशीच्या माणसाने भिंग घेऊन बसायचं?

संध्याताई: आमचंही असंच कापलं. तक्रार केली, थोडे सुटले.

पाणवठा: वा, सगळे वकील झाले. ऑपरेशननंतर वीर्य उलटं मूत्राशयात जातं, ते सांगितलं का कुणी?

उंबरकर: ऐंशीला?

पाणवठा: ऐंशीला म्हणून विचारायचंच नाही? तुमच्या दादांना विचारलंत?

उंबरकर: नाही विचारलं. तुमचे सासरे आता कसे आहेत, ते मात्र तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

पाणवठा: भ्रम उतरला. नळी नाही. रात्री एकदाच उठतात. झालं समाधान? तरी जोखमीच्या कागदावर सही माझ्या बायकोने केली, तुम्ही नाही.