तलवार दिली म्हणजे नायिका कणखर होत नाही

परीकथा नव्याने सांगणाऱ्या कादंबऱ्यांत हातात तलवार दिली की झाली कणखर नायिका, या हिशेबाचा कंटाळा आलाय असं कुणी म्हटलं की ते पटतंच. पण त्याच्या जोडीला 'मूळ परीकथांतल्या बायका मुळातच मुक्या' असंही म्हटलं जातं, ते अर्धंच खरं वाटतं. बऱ्याचदा त्यांचं बोलणं नंतर बदललं गेलंय. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीत रॅपुंझेल, म्हणजे बुरुजात कोंडलेली आणि आपल्या लांब केसांवरून लोकांना वर घेणारी मुलगी, अगदी निरागसपणे विचारते, माझे कपडे इतके घट्ट का होतायत? ती गरोदर आहे आणि तिला ते कळलेलंही नाही. टीका झाल्यावर दोघा भावांपैकी विल्हेल्मने ते वाक्य काढलं. १८५७च्या शेवटच्या आवृत्तीत ती चेटकिणीलाच विचारते, राजपुत्रापेक्षा तुला वर ओढायला जड का जातं? म्हणजे देह गायब आणि पोरगी बावळट! एका वाक्याच्या फरकाने पात्रच बदललं.

म्हणून मला स्वतःला आवाज जास्त महत्त्वाचा वाटतो. तीन-चार जणी आळीपाळीने 'मी' म्हणून सांगतात अशी कादंबरी हातात आली की मी प्रकरणावरचं नाव बोटाने झाकून वाचते. दोन परिच्छेदांत कोण बोलतंय ते ओळखू आलं तर ठीक. सावकाराची मुलगी जंगलात शिरली तरी आधी काय देणं-घेणं आहे तेच बघणार, मार खाऊन वाढलेली मुलगी आधी दार कुठे आहे ते बघणार. बहुतेक पुस्तकांत मात्र सगळ्या जणी एकाच लेखकाच्या टोमण्यांत बोलतात (आणि सगळ्यांचे केस तांबडे).