घड्याळातला ईसीजी आणि चालतानाचे ठोके

‘ईसीजीवालं घड्याळ घेतलं की ठोके मोजायला छातीचा पट्टा लागत नाही’ असं कुणीतरी लिहिलंय, ते मला निम्मंच पटलं. तो ईसीजी बटणावर बोट ठेवून 30 सेकंद स्वस्थ बसल्यावर निघतो. चालताना ठोके मोजतो तो पाठीमागचा हिरवा दिवा, आणि तो फसतो. गेल्या थंडीत अजिंक्यताऱ्यावरून भराभर उतरताना माझ्या घड्याळाने 168 दाखवले. दम तर अजिबात लागला नव्हता. थांबून मानेला बोटं लावली, 15 सेकंदांत 26, म्हणजे 104. थांबल्यावर ठोके जरा उतरतात हे धरलं तरी इतके नाही. घड्याळ ठोके समजून माझी पावलं मोजत होतं! घड्याळाचा पट्टा सैल आणि हात गारठलेले. एक भोक आवळून मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवलं तेव्हा आकडा ताळ्यावर आला. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेतच पकडतो, पण बांधायच्या आधी ओला करावा लागतो.

वडिलांच्या हृदयासाठी असं घड्याळ चालेल का, असं विचारणाऱ्यांना: घड्याळाचा ईसीजी एकाच लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघणारा. एट्रियल फिब्रिलेशनसारखे अनियमित ठोके त्यात दिसू शकतात, हार्ट अटॅक कळत नाही. छातीत दुखलं तर घड्याळ बघत न बसता बारा लीडच्या ईसीजीसाठी थेट दवाखाना गाठा.