सोयाबीनची मूळकूज: ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया करूनही झाडे का वाळली?

प्रश्न:
नमस्कार. गेल्या हंगामात बियाण्यास किलोमागे 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळूनही माझ्या सोयाबीनची काही रोपे उगवणीनंतर कोलमडली आणि शेंगा भरताना आणखी काही झाडे जागच्या जागी वाळली. त्याच दिवशी बियाण्यास कार्बेन्डाझिम हे रासायनिक बुरशीनाशकही लावले होते. यंदा जैविक उपायांवर भर द्यायचा आहे. चूक नेमकी कोठे झाली असावी?

उत्तर 1:
ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक बुरशी आहे आणि कार्बेन्डाझिम तिला जगू देत नाही, त्यामुळे आपली बीजप्रक्रिया बहुधा तेथेच वाया गेली. शिवाय दोन्ही वेळची मर एकाच रोगाची नसावी. रोपाच्या बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे असतील, तर ती स्क्लेरोशियम या बुरशीमुळे होणारी मानकूज होय. उलट पाण्याचा ताण व उष्णता असताना झाड वाळले आणि बुंध्याची साल सोलल्यावर आत कोळशाची पूड पसरल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसले, तर तो मूळकूज घडवणाऱ्या मॅक्रोफोमिना या बुरशीचा प्रादुर्भाव समजावा.

उत्तर 2:
वरील निदान योग्य वाटते, परंतु रोग जमिनीत मुरलेला असेल तर केवळ बीजप्रक्रियेवर विसंबू नये, असे माझे मत आहे. एकरी 1 किलो ट्रायकोडर्मा 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, सावलीत गोणपाटाखाली ओलसर ठेवून, मधून एकदा खालीवर करून दहा-पंधरा दिवसांनी पेरणीपूर्वी जमिनीत ओल असताना मिसळावे. या काळात ती बुरशी खतात वाढते आणि पुढे रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेढे घालून त्यांची पेशीभित्तिका विकरांनी विरघळवते. कोरड्या मातीत यातले फारसे काही घडत नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. वाळलेल्या झाडांत काळे ठिपके होते, हे आता आठवते. उभ्या पिकात आळवणी (झाडांच्या मुळाशी द्रावण ओतणे) केली तर चालेल का? आणि रायझोबियम (नत्र स्थिर करणारे जिवाणू) केव्हा लावावे?

उत्तर 1:
वाळू लागलेले झाड आळवणीने परत येत नाही. झालाच तर शेजारच्या निरोगी झाडांना थोडा उपयोग होईल. त्यापेक्षा फुलोऱ्यापासून शेंगा भरेपर्यंत पाण्याचा ताण पडू न देणे अधिक मोलाचे. ट्रायकोडर्मानंतर, पेरणीच्या अगदी आधी रायझोबियम लावून बियाणे सावलीत सुकवावे. त्याच शेतात पुढे हरभरा घेणार असाल तर मात्र सावध राहा, कारण तोही मॅक्रोफोमिनाला बळी पडतो.