परकीय देणग्या आणि एका माळेचे मणी
निवडणूक रोखे, म्हणजे देणगीदाराचे नाव उघड न करता पक्षांना पैसे देण्याची सोय, हे एकाच पक्षाचे, भाजपचे पाप, असा या चर्चेतील इतर प्रतिसादांचा सूर आहे. रोख्यांपुरते ते मान्य. २०१७ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवरची, सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा कोणी उठवली, हे उघडच आहे. परंतु ब्रिटनमधील वेदान्त समूहाच्या भारतातील कंपन्यांकडून देणग्या घेऊन काँग्रेस आणि भाजप या दोघांनीही, पक्षांना परकीय पैसा घेण्यास मनाई करणाऱ्या परकीय देणगी कायद्याचा प्रथमदर्शनी भंग केला, असे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्येच म्हटले होते आणि सहा महिन्यांत कारवाई करण्यास सांगितले होते. कारवाई राहिली दूर. २०१६ च्या वित्त विधेयकातून परकीय स्रोताची व्याख्याच अशी बदलली गेली की अशा कंपन्या त्यातून सुटाव्यात, आणि तेवढ्याने जुन्या देणग्यांचे भागेना म्हणून २०१८ च्या वित्त विधेयकातून तो बदल थेट १९७६ पासून लागू करण्यात आला. लोकसभेत हे २०१८ चे विधेयक गदारोळात, चर्चेविना संमत झाले. सोय अर्थात दोघांचीही झाली.